जहाज ‘रोम’ला लागतं ते रोमपासून ऐंशी किलोमीटरवर

प्रश्न: ह्यांची मार्चमध्ये निवृत्ती आहे. त्यानिमित्त आम्ही दोघं, सासूबाई (वय ७८, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात, बीपीची गोळी चालू आहे) आणि मुलगी (वय २४) असे चौघं भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ करायचं म्हणतोय. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोव्हा, रोम, नेपल्स, पालेर्मो, एक दिवस समुद्रात आणि परत बार्सिलोना. दोन कोटेशनं आली आहेत. एक पाच हजार माणसांच्या मोठ्या जहाजाचं, दुसरं सातशे माणसांच्या ‘लक्झरी’ जहाजाचं. दुसऱ्याचे पैसे जवळजवळ अडीचपट आहेत. आम्ही शाकाहारी, दारू कोणीच घेत नाही. ह्यांना सावरकरांनी उडी घेतली ते मार्सेयचं बंदर बघायचंय, मला रोम, मुलीला ज्वालामुखीने गाडलेलं पाँपेई. सासूबाई म्हणतात, मला पाणी दिसलं म्हणजे झालं. अडीचपट पैसे द्यावेत का? आणि मेमध्ये जावं की दिवाळीनंतर?
– सौ. मा. दे., ठाणे

उत्तर: पैशांचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि दोन्ही कोटेशनांमधलं वेळापत्रक काढा. त्यात ‘रोम’ असं ठळक छापलेलं असेल आणि शेजारी किंवा खाली बारीक अक्षरात चिविताव्हेक्किया हे नाव असेल. जहाज लागतं ते तिथे. रोमला मोठ्या जहाजांचं बंदरच नाही. चिविताव्हेक्किया रोमच्या मध्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. पाहुण्यांना बदलापूरला उतरवून ‘ही आली मुंबई’ म्हणावं, तसला हा प्रकार. क्रूझच्या पत्रकांत हे सर्रास चालतं: ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्हर, ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे. ‘व्हेनिस’ म्हणून रावेन्ना किंवा त्रिएस्तेला उतरवतात, कारण ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. यात फसवणूक कोणी करत नाही, खरं नाव छापलेलं असतंच. पण आपण वाचतो ते ठळक नाव.

तुम्हाला रोम बघायचंय, म्हणून तो दिवस घड्याळ लावून मोजू. समजा जहाज सकाळी ७ला लागलं आणि संध्याकाळी ७ला सुटणार. बारा तास वाटतात. प्रत्यक्षात बंदराची परवानगी येऊन, जिन्याशी रांग लागून तुम्ही धक्क्यावर उतरता पावणेआठला. बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत. शटल बस लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी सोडते, तिथून दुसरी बस स्टेशनला. साडेआठ. पावणेनऊची लोकल मिळाली तर रोमा तेर्मिनी या मुख्य स्टेशनला दहा वाजतात. व्हॅटिकनला जाणाऱ्यांनी त्याआधी रोमा सान पिएत्रोला उतरायचं, वीसेक मिनिटं वाचतात. आता परतीचं. जहाज ७ला सुटणार असलं तरी ‘सर्वांनी जहाजावर’ ही वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि जिना त्या वेळेला उचलतात. बंदरात साडेपाचला पोहोचायचं तर पाचला चिविताव्हेक्किया स्टेशनवर हवं, म्हणजे तेर्मिनीहून पावणेचारच्या आत गाडी पकडायला हवी. हातात उरले साडेपाच तास. त्यातले अडीच-तीन कोलोसियम आणि शेजारच्या फोरममध्ये जातात, तासभर जेवणात. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला, तिथल्या ओबडधोबड दगडी फरसबंदीवर, हा दिवस म्हणजे शिक्षा आहे.

वर एखाद्या दिवशी रेल्वेचा संप असला तर? इटलीत संप आधी जाहीर होतात, त्याला ते ‘शोपेरो’ म्हणतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांतल्या ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही चालवाव्या लागतात. दुपारी परतणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वतःच्या हिंमतीवर गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवायची जबाबदारी त्यांची असते. क्रूझच्या सहली महाग वाटतात त्यात या हमीचेही पैसे असतात.

यावरचा उपाय सोपा आहे आणि एजंट तो आपणहून सुचवत नाहीत: जहाजात बार्सिलोनाऐवजी चिविताव्हेक्कियाला चढा. पश्चिम भूमध्य समुद्रात गोल फिरणारी बरीच मोठी जहाजं प्रत्येक बंदरात थोडे प्रवासी घेतात आणि थोडे उतरवतात. तुमच्यासाठी जो चौथा दिवस, तो दुसऱ्या कोणाचा पहिला असतो. एजंटला विचारा, ‘याच जहाजाचं रोमहून चढायचं भाडं काय?’ बहुतेक वेळा फारसा फरक नसतो. मग मुंबईहून निघून रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरायचं, तीन रात्री शहरात राहायचं, रोम स्वस्थपणे बघायचं आणि चौथ्या दिवशी जहाज. बार्सिलोना आपोआप मधल्या थांब्यात येतं, आणि ते बंदर शहराला चिकटून आहे. विमानाचं तिकीटही जाता-येता एकाच शहराचं. दुसरा फायदा असा, की विमान चुकलं किंवा बॅग मागे राहिली तरी हाताशी तीन दिवस असतात. ज्या दिवशी जहाज त्याच दिवशी विमानाने पोहोचायचं, हा बेत कोणी कितीही स्वस्त करून दिला तरी घेऊ नका.

रोममधल्या तीन दिवसांसाठी एवढंच सांगतो: कोलोसियमची वेळ नेमून दिलेली तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि लवकर संपतात. आत लिफ्ट आहे, सासूबाईंना वरचा मजला दिसू शकेल. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा, त्या दिवशी प्रवेश फुकट आणि गर्दी पंढरपूरची. सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडीला प्रश्न येत नाही, मुलीच्या शॉर्ट्‌सना येतो.

आता अडीचपट पैशांकडे.

लहान लक्झरी जहाजाच्या भाड्यात काय काय येतं ते नीट वाचा: दारू आणि इतर पेयं, बक्षिसी, वाय-फाय, सगळी उपाहारगृहं, काही कंपन्यांत बंदरांवरच्या सहलीसुद्धा. मोठ्या जहाजाच्या भाड्यात खोली, मुख्य जेवण, नाटक-गाणी आणि पोहण्याचा तलाव. बाकी सगळं वरून. मोठ्या जहाजावर रोजची सेवा-आकारणी माणशी १५ युरो धरली, तर चौघांचे सात रात्रींचे ४२० युरो झाले. वाय-फाय घेतलं तर त्याचे निराळे. बंदरांवरच्या सहली माणशी साठ-सत्तर युरोंपासून दीड-दोनशेपर्यंत जातात. हे सगळं मिळवूनही तुमच्या बाबतीत मोठं जहाज लक्झरीच्या बरंच खाली राहील. कारण लक्झरी भाड्यातली एक मोठी रक्कम दारूची असते आणि तुम्ही ती पिणार नाही. दुसऱ्यांच्या शॅम्पेनचं बिल भरायचं कारण काय?

लहान जहाजाचं खरं वैशिष्ट्य म्हणजे ते लहान बंदरांत जातं. पण पोर्तोफिनोसारख्या ठिकाणी जहाज समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. याला टेंडर म्हणतात. लाटांवर बोट वर-खाली होत असताना नेमक्या क्षणी पाऊल टाकावं लागतं. खलाशी हात धरतात, पण व्हीलचेअर बऱ्याचदा नाकारतात, आणि वारा वाढला तर उतरणंच रद्द होतं. ७८ वर्षांच्या गुडघ्यांना हे जमणारं नाही. तुमच्या लक्झरी कोटेशनात कोणत्या बंदरापुढे टेंडर किंवा नांगराचं चिन्ह आहे ते पाहा. दोनाहून अधिक ठिकाणी असेल तर ते कोटेशन बाजूला ठेवा.

मधला एक मार्ग आहे, आणि बजेट ताणता येत असेल तर आम्ही तोच सुचवू. काही मोठ्या जहाजांवर एक वेगळा, बंद दरवाज्याआडचा विभाग असतो. एमएससीच्या जहाजांवर त्याला ‘यॉट क्लब’ म्हणतात, नॉर्वेजियनवर ‘हेवन’. तिथे बटलर, स्वतंत्र उपाहारगृह, स्वतंत्र डेक आणि चढता-उतरताना वेगळी रांग मिळते. पाच हजार माणसांत लिफ्टसाठी ताटकळणं हे मोठ्या जहाजावरचं वयस्करांचं सर्वांत मोठं दुखणं, ते इथे बरंच हलकं होतं. नाही जमलं, तर मोठ्या जहाजावरच्या दोन साध्या बाल्कनी केबिन घ्या. सासूबाईंना पाणी दिसायला हवंय ना, मग बाल्कनी हवीच. त्यावर काटकसर करू नका. बाकी कशावरही करा.

दोन केबिन असं मुद्दाम म्हटलं. चौघांना एका खोलीत बसवलं की भाडं खूप उतरतं, कारण तिसऱ्या-चौथ्याला अगदी कमी दर असतो. पण तिसरा-चौथा बिछाना म्हणजे सोफा उघडून केलेला किंवा छतातून खाली येणारा, शिडीचा. आजी-नातीची एक आणि तुम्हा दोघांची एक अशा मधल्या दाराने जोडलेल्या खोल्या मागा, आणि आजींच्या खोलीत जोडपलंगाऐवजी दोन सुटे पलंग आत्ताच लिहून घ्या. तिथे गेल्यावर तेही होतं, पण पलंग सरकवायला माणूस येईपर्यंत रात्र होते. साध्या केबिनच्या न्हाणीघराला चौकटीशी उंचवटा असतो. रात्री झोपेत उठलेलं माणूस तिथेच अडखळतं. अपंगांसाठीच्या केबिनमध्ये उंबरा नसतो, दार रुंद असतं आणि शॉवरखाली बसायला आसन असतं. अशा खोल्या जहाजावर थोड्या असतात आणि लवकर जातात, म्हणून बुकिंगच्या पहिल्याच फोनमध्ये विचारा.

केबिनची जागा नकाशावर स्वतः बघा. जहाजाच्या मध्यावर, शक्यतो खालच्या-मधल्या मजल्यावर डोलणं सर्वांत कमी जाणवतं. पुढचं टोक आणि वरचे मजले सर्वांत जास्त हलतात. तुमच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा निवडा. बुफे किंवा तलावाच्या बरोबर खाली खोली आली, तर पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू होतो. ‘गॅरंटी केबिन’ हा स्वस्त प्रकार म्हणजे प्रकाराची हमी, जागेची नाही: कंपनी देईल ती खोली. आणि ‘अडथळ्याचं दृश्य’ म्हणजे खिडकीसमोर केशरी लाइफबोट. सासूबाईंना सात दिवस तीच दिसेल.

बंदरांचं बोलू. मार्सेयला सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली. यजमानांना आधीच सांगून ठेवा, की आजची क्रूझ जहाजं लागतात तो धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे, आणि तिथे कंटेनर, कुंपण आणि गोदामं याखेरीज बघण्यासारखं काही नाही. शटलने ला जोलिएत भागात या. आगबोटींच्या काळात मार्सेयचं बंदर जुन्या खाडीतून बाहेर वाढलं ते इथूनच. एकोणिसाव्या शतकातल्या लांबलचक दगडी गोदामांच्या इमारती अजून उभ्या आहेत. तिथून समुद्राच्या कडेने सेंट जॉन किल्ल्यापर्यंत सपाट रस्ता आहे. त्या काळचा समुद्र डोळ्यांपुढे आणायला धक्क्यापेक्षा ही वाट बरी. डोंगरावरचं नोत्र दाम द ला गार्द चर्च बघायचं असेल तर जुन्या बंदरावरून ६० क्रमांकाची बस जाते, चढ चढू नका.

मार्सेयबद्दल दुसरी गोष्ट वाऱ्याची. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा ‘मिस्त्राल’ हा थंड, कोरडा वारा बार्सिलोना आणि मार्सेयच्या मधल्या आखातात मोठ्या लाटा उठवतो. तो जोरात असला की एवढी उंच जहाजं धक्क्याला लावणं धोक्याचं होतं आणि बंदर गाळलं जातं. हिवाळ्याकडे झुकताना हे वाढतं. दिवाळीनंतर नको म्हणण्याचं पहिलं कारण तेच. दुसरं, तेव्हा दिवस लहान होतात आणि पाचच्या सुमाराला अंधारून येतं. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा घ्या. हवा पुण्याच्या जानेवारीसारखी, दिवस रात्री साडेआठपर्यंत. समुद्रात डुंबायला मात्र पाणी गार असतं. बंदर गाळल्यास त्या बंदराचा कर परत मिळतो, बाकी भाड्याचा परतावा मागता येत नाही. करारात तसं लिहिलेलं असतं. म्हणून यजमानांनी मार्सेयवर पूर्ण भिस्त ठेवू नये.

जिनोव्हाला एकही सहल विकत घेऊ नका. जहाज शहराच्या पोटात लागतं, पिआत्सा प्रिंचिपे स्टेशन शेजारीच आहे, आणि जुनं बंदर सपाट रस्त्याने चालत पंधरा-वीस मिनिटांवर. पिआत्सा पोर्तेल्लोहून कास्तेल्लेत्तोला जाणारी शंभर वर्षांपूर्वीच्या थाटाची लिफ्ट आहे. वरून सगळं शहर आणि तुमचं जहाजही दिसतं, एक पायरी न चढता. आणि फारिनाता खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस. पीठ काही तास भिजवतात, तांब्याच्या मोठ्या परातीत पातळ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत कडा करपेपर्यंत भाजतात. म्हणजे आपलं बेसनाचं धिरडं, फक्त मिरची-ओवा विसरलेलं. पिशवीत तिखटाची पुडी असू द्या.

नेपल्सला घर दोन भागांत वाटा. यजमान आणि मुलगी पाँपेईला, तुम्ही आणि सासूबाई शहरात. जहाज मास्क्यो आंजोइनो किल्ल्यासमोर लागतं, बाहेर पडल्यावर म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन. तिथून गारिबाल्दी, आणि गारिबाल्दीला जमिनीखालच्या मजल्यावरून ‘चिर्कुमवेसुव्हियाना’ लोकल. सोर्रेन्तोच्या दिशेची गाडी पकडायची आणि ‘पोंपेई स्कावी – व्हिल्ला देई मिस्तेरी’ या स्टेशनला उतरायचं. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं. नुसतं ‘पोंपेई’ नावाचं वेगळं स्टेशन वेगळ्या मार्गावर आहे, गोंधळ नको. गाडी आपल्या विरार लोकलची धाकटी बहीण समजा: पाकीट पुढच्या खिशात, पाठपिशवी पोटावर. नोव्हेंबर २०२४पासून पाँपेईत दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. तिकीट आधी काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. आत सावली जवळजवळ नाही. टोपी आणि बाटली न्या. तुम्ही दोघी टॅक्सीने किंवा रमतगमत पिआत्सा देल प्लेबिशितो आणि काचेच्या छताची गालेरिया उंबेर्तो बघा, तासभर कॉफी घ्या, दुपारी जहाजावर परत. सगळे शहरात असताना रिकाम्या जहाजावर लिफ्ट लगेच येते आणि डेकवर हवी ती खुर्ची मिळते.

पालेर्मोही शहरातच लागतं. घोडागाडीवाले गळ्यात पडतात, आधी भाव ठरवा, आणि ठरवताना ‘माणशी की गाडीचे’ हे दोनदा विचारा. बार्सिलोनाला साग्रादा फामिलिया चर्चची तिकिटं फक्त ऑनलाइन, वेळेची. लांब पल्ल्याचं दुसरं काही त्या दिवशी ठरवू नका.

व्हिसा. हा सगळा मार्ग शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. जहाज मध्ये खुल्या समुद्रातून गेलं म्हणून तुम्ही शेंगेनबाहेर गेलात असं होत नाही. पण मार्गात ट्युनिस, मॉन्टेनेग्रोचं कोतोर किंवा तुर्कस्तानचं एखादं बंदर घुसलं, की बहुप्रवेशी व्हिसा लागतो आणि त्या देशाचे नियम वेगळे पाहावे लागतात. एकदा प्रवेशाचा व्हिसा असेल तर जहाजात चढतानाच अडवतात. अर्ज जिथे सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा. रोमचे तीन दिवस, जिनोव्हा, नेपल्स, पालेर्मो मिळून तुमचा इटली स्पष्ट ठरतो. बार्सिलोनाहून चढला असतात तर यावर उगाच काथ्याकूट झाली असती. प्रौढांचं शुल्क जून २०२४पासून ९० युरो, व्हिसा केंद्राची सेवा-आकारणी वेगळी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या प्रवासासाठी मुंबईत भेटीच्या वेळा मिळणं कठीण होतं, म्हणून जानेवारीतच हलवा. जोडायला क्रूझचं निश्चिती-पत्र, दिवसागणिक बंदरांसह आणि चौघांच्या नावांसह. आणि हे नीट बघा: क्रूझची उरलेली रक्कम साधारण दोन-तीन महिने आधी भरावी लागते आणि त्यानंतर रद्द केल्यास कपात झपाट्याने वाढते. व्हिसा त्या तारखेच्या आधी हातात पडेल असा हिशोब मांडा.

विम्याची किमान रक्कम व्हिसासाठी ३० हजार युरो. सासूबाईंसाठी ती पुरेशी धरू नका. जहाजावरचा डॉक्टर मोफत नसतो, तपासणीचं बिल सरळ खोलीच्या खात्यावर चढतं, आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने किंवा बंदरातून रुग्णवाहिकेने नेण्याचा खर्च भारी असतो. ‘आपत्कालीन स्थलांतर’ हे शब्द पॉलिसीत शोधा, बीपी आणि गुडघे अर्जात जाहीर करा. लपवलेला आजार म्हणजे विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण.

सहल कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे आयकरापोटी आगाऊ कर, घेतात. तो कर बुडत नाही, आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. फक्त ज्याच्या पॅनवर पैसे भराल त्याच्याच खात्यावर जमा होतो, तेव्हा चौघांत विवरणपत्र नियमित भरणारं कोण, ते ठरवून पैसे भरा. जहाजावर रोख चालत नाही. कार्ड नोंदवतात आणि रोजच्या खर्चाआधीच काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंत तर ते पैसे उतरल्यावरही काही दिवस सुटत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या. दुकानातल्या यंत्रावर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर युरो दाबा. रुपयांचा दर दुकानदाराचा असतो, तुमच्या बँकेचा नाही.

जेवणाची फार काळजी नको. मोठ्या जहाजांच्या बुफेत भात-डाळ-कढीपर्यंत काहीतरी मिळतं, आणि स्वयंपाकघरात व वाढपात गोव्याची, कोकणातली मुलं हमखास असतात. मराठीत दोन शब्द बोललात तर दुसऱ्या दिवशी हिरवी मिरची कापून येते. तरी बुकिंग करतानाच ‘भारतीय शाकाहारी’ लिहून घ्या, पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटा आणि उद्याचं आदल्या रात्री ठरवा. खरे खड्डे शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत आहेत: भाज्यांच्या सूपला कोंबडीचा रस्सा, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासे, आणि पार्मेझान चीज, ज्यात वासराच्या पोटातलं विरजण असतं. जिनोव्हाचा पेस्तोही त्यातलाच. सासूबाई याबाबतीत कडक असतील तर ‘चीज नको’ हे एक वाक्य पाठ करा. टेबलावर पाण्याची बाटली आपोआप आली तर तिचे पैसे लागतात का ते विचारून मगच बूच काढा. बुफेतलं पाणी फुकट आणि चांगलं असतं.

सामानात चिवडा, बाकरवडी, मेतकूट चालेल. पेढे, बर्फी, तूप नको: दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशांनी युरोपीय संघात आणायला बंदी आहे. मेमध्ये जाताय म्हणून हापूसची पेटीही नको, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आंबा जप्त होतो. विजेची किटली, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आग हे जहाजावरचं सर्वांत मोठं भय आहे, त्यामुळे यात घासाघीस नसते. पहिल्या दिवशीचा सुरक्षा सराव टाळू नका. २०१२च्या जानेवारीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ चिविताव्हेक्कियाहूनच निघून काही तासांत जील्यो बेटाशी खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलून सराव निघण्याआधी किंवा निघताक्षणी सक्तीचा केला. सासूबाईंसाठी जमण्याच्या जागेपर्यंतचा जिन्याचा रस्ता एकदा चालून बघा, कारण आणीबाणीत लिफ्ट बंद असतात.

समुद्र लागण्यावरची गोळी लाटा सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, आधीच घ्यायची असते. ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते आणि म्हातारपणी तोल जातो, तेव्हा सासूबाईंची गोळी त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर कमी पडतं, बुफेआधी साबणानेच हात धुवा. आणि सगळ्यांचे फोन जहाज सुटताक्षणी फ्लाइट मोडवर. किनारा दूर गेला की फोन जहाजाच्या स्वतःच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो, त्याचे दर रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत, आणि एका रात्रीच्या फोटो-बॅकअपचं बिल एका सहलीएवढं येऊ शकतं.

व्हीलचेअर स्वतःची, घडीची न्या. जहाजावरची फक्त चढण्या-उतरण्यापुरती देतात. चढताना हातातल्या पिशवीत औषधं, कागद आणि एक जोड कपडे ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत संध्याकाळपर्यंत येतात. भारतीय पासपोर्ट काही जहाजांवर चढताना ठेवून घेतात, म्हणून छायाप्रत प्रत्येकाकडे असू द्या. जहाजावर नटूनथटून जेवायला जायच्या रात्री पैठणी खुशाल नेसा. यजमानांना कोट नको असेल तर बंद गळा चालतो.

परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका. शेवटच्या रात्री अकराच्या सुमाराला मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या मग थेट धक्क्यावर मिळतात. बॅग बाहेर ठेवण्याआधी चौघांचे सकाळचे कपडे, चपला, सासूबाईंची बीपीची गोळी आणि दातांचा डबा खोलीतल्या खुर्चीवर काढून ठेवलाय ना, ते मोजून बघा.